काठवटीवरचा ठेका

१

शुक्रवारी स्वयंपाकघराचा पडदा वर खोचून ठेवायचा, हा नियम प्रबुद्धने घालून दिला होता. बाहेरच्या खोलीत त्याचे दोन काळे स्पीकर, आत फरशीवर शेगडीशेजारी अलकाची भाकरी थापायची लाकडी काठवट, आणि दोन्हींच्या मधे काही आडवं यायला नको.

जगभरातली नाचाची नवी गाणी शुक्रवारी बाहेर पडतात, हे अलकाला आता पाठ झालं होतं. गाणी म्हणायची, पण त्यांत गाणारं कुणी नसे. कॉम्प्युटरवर बनवलेली नुसती धडधड, आणि तिच्यावर शिट्टीसारखं, वाऱ्यासारखं काहीबाही. प्रबुद्ध ती सकाळपासून ऐकायचा, त्यातली पाच निवडायचा आणि मोबाइलवरच्या आपल्या चॅनेलवर सांगायचा, "हैदराबाद, इस हफ्ते ये सुनो." ऐकणारे हजारोंनी होते. कुठकुठली पोरं त्याला विचारत, भाई, नवीन काय आलंय, काय ऐकू?

आणि प्रबुद्ध विचारायचा आईला.

तोंडाने नव्हे. अलका भाकरी थापायला बसली की तो एकेक गाणं लावायचा आणि तिच्या हाताकडे कान द्यायचा. काठवटीवरची थाप गाण्याच्या ठोक्यावर आपोआप येऊन बसली तर गाणं पास. हात आपल्याच चालीने चालत राहिला तर नापास. ह्याला तो आई-टेस्ट म्हणायचा, आणि त्याचं ऐकून ऐकणारेही तसंच म्हणायला लागले होते.

"हे बर्लिनचं आहे, आई."

"बर्लिनला ज्वारी पिकते का रे?"

"तू थाप की. ऐकू नको. हाताला ऐकू दे."

"हौ, हाताला कान फुटलेत माझ्या," म्हणत अलका पिठाचा गोळा पुढे ओढायची.

ह्या पोरखेळाचं तिला फार अप्रूप होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. मागल्या वर्षी प्रबुद्धची कंपनीतली नोकरी गेली. त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून निजला तो निजलाच. ताट ठेवायचं आणि तसंच उचलायचं, असे महिने गेले. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मग एक दिवस त्याच्या खोलीतून ही धडधड ऐकू आली, आणि पाठोपाठ तोच बाहेर आला. "आई, भूक लागली," म्हणाला. अलका त्या दिवशी ओट्याला धरून रडली होती. तेव्हापासून त्या धडधडीला तिने कधी नाव ठेवलं नाही.

त्या शुक्रवारी त्याने शेवटचं गाणं लावलं. "हे कुणाचं आहे ते कळत नाही. नाव नाही, गाव नाही. पण भारी आहे, आई."

अलकाचा हात लगेच ठोक्याला लागला. इतक्या लवकर कधी लागला नव्हता. हात जसा वाटच बघत होता. बाहेरून प्रबुद्ध ओरडला, "लागला!" अलका हसली, भाकरी उचलून तव्यावर टाकली, वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून तिच्यावरून फिरवली.

थाप, थाप, थाप, थाप.

बाई गं, किती भाकरीसारखं वाजवलंय, तिला वाटलं.

गाणं संपलं. त्यानंतरही दोनतीन थापा पडल्या. मग, आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष गेलंय हे कळावं आणि माणसाने एकदम हात आवरावा, तशा थांबल्या.

२

"त्यात भाकरी थापल्यासारखं काय वाजतं रे?" तिने जेवताना विचारलं.

"कशात?"

"त्या बिननावाच्या गाण्यात."

प्रबुद्धने घास घेता घेता मान हलवली. "तसं काही नाही त्यात. ड्रमची किक आहे, बेस आहे. तूच थापत होतीस की."

"मी तव्याशी होते तेव्हाही वाजत होतं."

"मग तुझ्या डोक्यात वाजत असेल. हिट आहे म्हणजे!" तो खूष होऊन म्हणाला.

पुढल्या शुक्रवारी दुसरं गाणं होतं, कुठल्या तरी थंड देशातलं. त्यातही तेच. अलकाने मुद्दाम हात उचलून धरले आणि ऐकलं. थाप पडत होती. ती उठून बाहेर आली. प्रबुद्धने तिला खुर्चीवर बसवलं आणि आपले मोठे हेडफोन तिच्या कानांवर चढवले. अंबाड्यावर ते नीट बसेनात, त्यावर तो हसला.

आधी नुसती धडधड होती. मग ती धडधड विरली. प्रबुद्धने तिला सांगून ठेवलं होतं की नाचाच्या गाण्यात मधे अशी एक जागा येते, सगळं वाजणं बंद होतं, नाचणारे श्वास रोखून थांबतात आणि मग ठोका परत कोसळतो. त्या रिकाम्या जागेत अलकाला एक खोली ऐकू आली. खोली ऐकू येते म्हणजे काय, हे तिला कुणाला सांगता आलं नसतं. पण ती छोटी होती, खालची फरशी थंड होती, कोपऱ्यात नळ ठिबकत होता. आणि लाकडावर कुणी तरी भाकरी थापत होतं. मग एक उसासा. दोन्ही हात पिठात असले की बाई कपाळावरचा घाम मनगटाने पुसते, तेव्हा निघतो तसा.

ठोका कोसळला. अलकाने हेडफोन ओढून काढले.

"ऐकलंस? कुणी बाई आहे त्यात. फार दमलीय रे."

प्रबुद्धने स्वतः ऐकलं. परत ऐकलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गाण्याची निळी रेघ दाखवली. जिथे रिकामी जागा होती तिथे ती अगदी सपाट होती.

"बघ, इथे काहीच नाही. कान तपासून घ्यायचे का तुझे? बाबांसारखं नको व्हायला."

प्रबुद्धचे बाबा, देवराव, सिकंदराबादला रेल्वेच्या डब्यांच्या शेडमध्ये कामाला होते, आणि तिथल्या हातोड्यांनी त्यांचे कान गेल्यात जमा होते. अलकाला वाटलं, खरंच, वय झालं. इतकी वर्षं थापते आहे, कानात बसलं असेल.

पण स्वयंपाकघरात परत जाताना तिचं लक्ष कोपऱ्यातल्या नळाकडे गेलं. तो ठिबकत होता. तिने तो घट्ट बंद केला.

३

त्यानंतर शुक्रवारच राहिला नाही. एखाद्या दुपारी ती बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेली असायची, आणि आतून यायचं. हळू, सारखं. उठून गेली की काही नाही. काठवट भिंतीला उभी, तवा उपडा. अलका स्वतःची समजूत घालायची. खाली कुणी धुणं आपटत असेल. टाकीवरचा पंप असेल. हैदराबादच्या नल्लकुंटा भागातल्या ह्या जुन्या इमारतीत भिंती पातळ, कुणाचा आवाज कुठे निघेल ह्याचा नेम नाही.

एकदा भाजी घेऊन येताना जिन्यावर खालच्या मजल्यावरच्या सरोजम्मा भेटल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "क्या अलका, बाजार में बी तुम, और ऊपर सुबा से रोटियां ठोकने कू बी तुम? दो हातां हैं कि चार?"

"मी नाही हो, प्रबुद्धचं गाणं असेल."

"गाना होता तो मालूम नै होता क्या? गाने से तो मेरे बर्तनां हिलते," सरोजम्मा म्हणाल्या. "ये तो रोटी है. मेरे कू रोटी की आवाज मालूम नै?"

अलका हसली, पण पायऱ्या चढताना पिशवी तिला फार जड लागली.

रविवारी बुद्धविहारातून आल्यावर देवराव स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसले. अलका समोर तुरीच्या शेंगा सोलत होती. लाइट गेली होती, पंखा थांबला होता, इमारत गप्प होती. देवरावांनी डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "अलका, जरा दम धर की. घडीभर पाठ टेकू दे माणसाला."

"मी काय केलं?"

"भाकऱ्या कशाला लगेच? भूक नाही मला एवढ्यात."

त्यांनी डोळे उघडले. अलका समोर बसलेली, मांडीवर शेंगांचं सूप. देवराव तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच पुढे सरकले आणि पाठ भिंतीपासून सुटी केली. त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांच्या पाठीला कळलं होतं.

"टाकीचा पंप असंल," ते म्हणाले.

"हौ. पंपच असंल," अलका म्हणाली.

लाइट नसताना पंप कसा चालेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

४

खरी काळजी निराळीच होती. प्रबुद्ध पुन्हा जेवेनासा झाला.

आधी त्याची टाच ठोक्याला लागली. टेबलाशी बसला की टाच फरशीवर पडायची. स्पीकर बंद, हेडफोन गळ्यात, तरी टाच चालू. मग जेवताना. मग झोपेत. अलका त्याला उठवायला गेली तर चादरीखाली पाय हलत होता, न चुकता, न दमता. तिने पायावर हात ठेवला तर तो हाताखालीही चालूच राहिला. चेहरा उतरला, शर्ट खांद्यांवरून लोंबायला लागला. ताट समोर यायचं, तो घास हातात घ्यायचा आणि कुठे तरी बघत राहायचा.

चॅनेल मात्र जोरात होतं. ती बिननावाची गाणी लोकांनी उचलून धरली होती. एक जण लिहून गेला होता, भाई, गाणं बंद केलं तरी घरात वाजतंय. प्रबुद्धने ते अलकाला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. शिवाय गच्चीबावलीला नाचाचा मोठा कार्यक्रम होता, आणि तिथली गाणी निवडायचं काम त्याला मिळायचं घाटत होतं. येत्या शुक्रवारी तो कुठलं गाणं सगळ्यांत वर ठेवतो, ते बघून ते लोक ठरवणार होते.

"बाळा, थोडे दिवस बंद ठेव हे," अलका म्हणाली.

त्याने हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवले.

"आई, मला कुणी उठवलं होतं? तू उठवलंस? बाबांनी? त्या डॉक्टरने?" तो हळू म्हणाला. आवाजात राग नव्हता. "ह्यानेच उठवलं ना. आता तू हेच बंद कर म्हणतेस. मग मी परत कुठे जाऊ, भिंतीकडे?"

ज्या दोरीला धरून पोरगा विहिरीतून वर आला, तीच दोरी आता त्याच्या गळ्याला लागत होती. आणि ती सोड म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं.

त्या दुपारी तिने आणखी एक गोष्ट पाहिली. ती दारात उभी होती. प्रबुद्ध टेबलाशी, टाच चालू. आत कुणी नसलेल्या स्वयंपाकघरात थाप चालू. आणि मधेच ती थाप अडखळली. लांबली, हलकी पडली, थांबली. हाताला रग लागून माणूस क्षणभर थांबतं तशी. त्याच क्षणी प्रबुद्धची टाच थांबली. त्याने मान वर केली, झोपेतून उठल्यासारखं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "आई? जेवायचं झालं का गं? पोटात काहीच नाही."

"झालं, बाळा, झालं! आत्ता वाढते—"

थाप पुन्हा सुरू झाली. त्याची नजर विझली. टाच पडू लागली.

अलकाने वाढायला घेतलेलं ताट तसंच खाली ठेवलं. तिला भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्या आत एक निराळीच कळ होती. तिच्या मनात आलं, ह्या बाईला कुणी बस म्हणत नाही का?

५

शुक्रवारी तिने घरात राहायचंच नाही असं ठरवलं. आई नाही तर आई-टेस्ट नाही. टेस्ट नाही तर गाणं पास कोण करणार?

सकाळीच तिने ज्वारीच्या पिठाचा डबा उचलला आणि सरोजम्मांना नेऊन दिला. "किडे होतायत, लवकर वापरा," असं खोटंच सांगितलं. वर येऊन डबा धुऊन पालथा घातला. काठवट धुतली, पुसली, जुन्या चादरीत गुंडाळून दिवाणाखाली सरकवली. स्वयंपाकघराचा पडदा सोडला. प्रबुद्ध स्पीकरच्या तारा जोडत होता.

"मी जामबागला जाऊन येते. निशिगंधाची तब्येत बरी नाही." निशिगंधा म्हणजे तिची भाची, तिथल्या एका कॉलेजात क्लार्क होती. तब्येत चांगली ठणठणीत होती.

"आज? आई, आज शुक्रवार आहे!"

"डाळ-भात झाकून ठेवलाय. खा."

लहानपणी शाळेच्या फाटकातून बघायचा तसा तो बघत राहिला. तरी ती निघाली.

जामबागपर्यंत ती गेलीच नाही. बस स्टॉपवर बसून राहिली. बसेस आल्या, गेल्या. शेजारी एक बुरखेवाली बाई लेकराला केळं भरवत होती. लेकरू तोंड फिरवायचं, ती पुन्हा पुढे करायची. अलका ते बघत होती. आपला मांडीवरचा उजवा हात थापल्यासारखा हलतोय, हे त्या बाईनेच सांगितलं. "हात कू क्या हुआ, आपा?"

अलकाने हात मुठीत धरला आणि उठली. घराकडेच निघाली. पोरगा एकटा आहे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

जिन्याच्या पहिल्या वळणावर गाणं ऐकू आलं. दुसऱ्या वळणावर थाप. आज ती दबकी नव्हती. भरदिवसा, मोकळ्या हाताने, घरातल्या बाईने थापावं तशी पडत होती. जिन्यात भाजलेल्या ज्वारीचा वास भरून राहिला होता. सरोजम्मा आपल्या दारात उभ्या होत्या. अलकाला वर चढताना बघून त्यांनी आधी तिच्याकडे, मग वरच्या मजल्याकडे बघितलं. मग आत होऊन दार लावून घेतलं.

दार लोटलेलं होतं. प्रबुद्ध पाठमोरा बसला होता. पाठीचे मणके शर्टातून मोजावेत असे वर आलेले. आता दोन्ही टाचा पडत होत्या.

"लागला की नाही, आई?" तो म्हणाला. वळला नाही. स्वयंपाकघराच्या पडद्याकडे तोंड करून म्हणाला. "म्हटलं होतं ना, ह्याला लागणारच. सगळ्यांत वर हेच ठेवतो."

"प्रबुद्ध," अलकाने हाक मारली. "बाळा, मी इथे आहे."

त्याला ऐकू गेलं नाही. तिने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा ठोक्यावर हलत होता, आणि तिच्या हाताने तो थांबला नाही. तिने स्पीकरची पिन भिंतीतून उपटली. गाणं तुटलं. थाप तुटली नाही. टाचाही नाहीत.

म्हणजे गाणं बंद करून काही होणार नव्हतं. सांगायचं ते आतल्या बाईला.

६

पडदा तिने थोडाच बाजूला केला.

दुपारचं ऊन खिडकीतून फरशीवर आलं होतं. तिच्याच पाटावर, भिंतीकडे तोंड करून कुणी बसलं होतं. अलकाने पूर्ण बघितलं नाही, बघवलंच नाही. तिला दिसलं ते एक कोपर. कोपरापर्यंत पीठ, त्यात घामाच्या वाटा. कोपर वर जायचं, खाली यायचं. मनगट सुजलेलं होतं. खाली चादरीतून काढलेली काठवट होती, तिच्यात पीठ होतं, आणि ते कुठून आलं हे विचारायची वेळ निघून गेली होती. शेजारी भाकऱ्यांची चळत. ती भिंतीच्या कडेने पार वर, अंधारात गेली होती. इतक्या भाकऱ्या, आणि एकही कुणी खाल्लेली नाही.

तिला पळावंसं वाटलं. मागे प्रबुद्धच्या टाचा वाजत होत्या. ती पळाली नाही.

ती आत गेली आणि त्या पाठीमागे खाली बसली. बाई, काय बोलू मी तुझ्याशी, असं तिच्या मनात आलं. मग जे कुणाही दमलेल्या बाईला म्हटलं असतं, तेच तिच्या तोंडून निघालं.

"बस गं आता. किती थापशील? हात बघ कसा झालाय."

थाप अडखळली.

"ऊठ. जरा टेक. मी आहे ना."

अलकाने हात पुढे केला आणि त्या हातावर ठेवला. हात गरम होता, आणि आतून थरथरत होता. तिच्या तळव्याखाली तो हळूहळू निवला. थांबला. फार दिवसांचा धरून ठेवलेला एक श्वास खोलीत सुटला. मग तिच्या तळव्याखालून तो हात निघून गेला. शेजारून काही तरी उठलं. साडीचा काठ तिच्या दंडाला घासून गेला, आणि पडद्याच्या कड्या वाजल्या.

बाहेर टाचा थांबल्या होत्या.

अलकाने डोळे मिटून घेतले. काय शांतता होती ती! नळ ठिबकत होता, रस्त्यावर कुणी भाजीवाला ओरडत होता. इतके दिवस घरात असं काही ऐकूच आलं नव्हतं.

"आई," बाहेरून प्रबुद्धचा आवाज आला. त्याचा, पूर्वीचा. "आई गं, भूक लागली मला. केवढी भूक लागलीय!"

आले, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि उठायला म्हणून काठवटीवर हात टेकला. हाताखाली अर्धी थापलेली भाकरी होती. कडा जाड, मधे पातळ, आणि तवा तापलेला. आजवर अशी भाकरी टाकून ती कधी उठली नव्हती. तिची आई उठली नव्हती, सासू उठली नव्हती. एवढी एक होऊ दे, तिला वाटलं. पोराला गरम मिळेल. तिने कडेला हात लावला आणि ती सारखी केली. थाप, थाप, थाप. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

आणि तिच्या दुसऱ्या हाताने पुढचा गोळा ओढून घेतला होता.

ती हाताला थांब म्हणाली. हात थांबला नाही.

बाहेर ताट मांडल्याचा आवाज झाला. पाण्याचा तांब्या ठेवल्याचा.

"डाळ वाढू का?" कुणी तरी विचारलं. आवाज दमलेला होता, पण मायेचा होता.

"सगळं वाढ," प्रबुद्ध हसून म्हणाला. "आई, आणि तू? तू पण बस की. कधीच बसत नाहीस."

"बसते ना. आता बसते."

पडद्याच्या फटीतून एक हात आत आला. स्वच्छ धुतलेला, अजून ओला. त्याने तव्यावरची भाकरी बोटांनी अलगद उचलली आणि परत गेला. खुर्ची सरकली. भाकरी मोडल्याचा आवाज झाला, मग घास चावल्याचा, मग घाईघाईने दुसऱ्या घासाचा.

अलकाने हाक मारून पाहिली. थाप पडली, आवाज निघाला नाही.

मग ती कान देऊन ऐकत राहिली. तो खात होता. कितीतरी दिवसांचा उपाशी पोरगा पोटभर खात होता, आणि कुणी तरी त्याला हळू जेव म्हणत होतं.

तिने तिसरा गोळा घेतला. अजून एक लागेल त्याला.